धुराच्या खाली काय आहे? पीटेड सिंगल माल्ट चाखायची रीत

लफ्रॉइग या धुरकट स्कॉच व्हिस्कीचा ग्लास पहिल्यांदा नाकाशी नेला की लोक साधारण तीनपैकी एक गोष्ट बोलतात: दवाखाना, डांबर, नाहीतर जुना लाल लाइफबॉय. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. कार्बोलिक साबणाला वास देणारी क्रेसॉलं पीटच्या धुरातही असतात. डेटॉलमधलं क्लोरोझायलेनॉल त्याच फिनॉल घराण्यातलं, आणि लवंगेतलं युजेनॉल तर धुरातल्या ग्वायाकॉलचं सख्खं भावंड. म्हणजे नाक चुकत नाही. त्याला हे वास पेल्यात अपेक्षित नसतात, एवढंच. हुरड्याच्या आगटीचा धूर, निखाऱ्यावर भाजलेलं वांगं, तव्यावर करपवलेला सुका बोंबील हे सगळं आपल्याला आवडतं, कारण त्या धुराची जागा आपल्या डोक्यात आधीपासून ठरलेली आहे.

तेव्हा पीटेड व्हिस्कीची सवय करायची म्हणजे नुसता धूर सोसायचा नाही. धूर थोडा थोडा, चढत्या क्रमाने घ्यायचा आणि त्याच्या खाली काय आहे ते हुडकायचं. ज्यांना ही व्हिस्की ‘जमत नाही’, त्यांनी बहुधा पहिल्याच दिवशी सगळ्यात तिखट बाटली उघडलेली असते, तीही साठ मिली, बर्फ घालून.

धूर येतो कुठून

दलदलीत शेवाळ, गवत, हेदरची झुडपं कुजत दबत जातात आणि त्यांचा काळपट, लोण्यासारखा कापता येणारा थर तयार होतो. तो पीट. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे मीटरभर खोल खणलं तर साधारण हजार वर्षांपूर्वीची झाडं हाताला लागतात. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयला नावाचं बेट आहे (स्पेलिंगमध्ये ‘एस’ असला तरी उच्चार आयलाच). तिथे वारा फार, झाडं कमी, त्यामुळे घराघरात चुलीला पीटच जळायचा. वसंतात त्याच्या विटा कापून वाळत घालतात.

व्हिस्कीसाठी जवाला मोड आणतात, आपण मटकीला आणतो तसेच. मोड पुढे वाढू नयेत म्हणून दाणे भट्टीच्या जाळीवर पसरून वाळवायचे असतात, आणि धूर शिरतो तो नेमका इथे. असा मोड आणून वाळवलेला जव म्हणजे माल्ट, आणि एकाच डिस्टिलरीत नुसत्या माल्टपासून केलेली व्हिस्की म्हणजे सिंगल माल्ट. दाणे ओलसर असतानाच खाली पीट पेटवला तर धुरातली फिनॉलं टरफलाला चिकटतात. दाणे कोरडे झाल्यावर कितीही धूर दिला तरी फारसा उपयोग नाही. डिस्टिलरीचं पाणी पीटच्या जमिनीतून वाहत येतं म्हणून व्हिस्की धुरकट होते, असं पुष्कळदा सांगितलं जातं. ते विसरा. त्या पाण्याला चहासारखा रंग असेल, पण धूर यायला काहीतरी जळावं लागतं.

बाटलीच्या चर्चेत ‘पीपीएम’ हा आकडा येतोच. दहा लाख भागांत फिनॉलचे किती भाग, हे तो सांगतो. बोमोरच्या माल्टमध्ये साधारण २५, लागावूलिनच्या ३५, लफ्रॉइगच्या ४० ते ४५ आणि आर्डबेगच्या ५५च्या आसपास. ब्रुइकलाडी डिस्टिलरीच्या ऑक्टोमोरची एक आवृत्ती ३०९ला पोचली होती. पण हा आकडा वाळवलेल्या जवाचा आहे, ग्लासातल्या व्हिस्कीचा नाही. बराचसा फिनॉल चोथ्याबरोबर आणि ऊर्ध्वपातनात मागेच राहतो. शिवाय तो तांब्याच्या स्टिलमधून, म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या भांड्यातून, उशिरा बाहेर पडतो, त्यामुळे डिस्टिलर धार कुठे तोडतो, म्हणजे गोळा करणं कधी थांबवतो, यावर धुराचा जोर ठरतो. लागावूलिन आणि कल ईला दोन्हीकडे आयलावरच्याच पोर्ट एलन गावातल्या माल्ट कारखान्यातून जवळपास सारख्याच पीपीएमचा माल्ट येतो. तरी लागावूलिन जड, गोडसर, शेकोटीसारखी लागते आणि कल ईला हलकी, लिंबाळ. त्यामुळे आकड्यावरून बाटली निवडणं म्हणजे पाकिटावरच्या मिरचीच्या चित्रावरून रस्सा जोखणं.

वयाचंही असंच. पिंपात वर्षं जातात तसा धूर मवाळ होतो. म्हणून पाच वर्षांची ऑक्टोमोर अंगावर येते आणि सोळा वर्षांची लागावूलिन गोष्टी सांगत बसते.

कुठून सुरुवात करायची

पहिली पायरी कदाचित घरात आहेच. जॉनी वॉकर ब्लॅक लेबलमध्ये धुरकट माल्टचा हात असतो आणि त्यात कल ईलाचं नाव कायम घेतलं जातं. ती सोड्याशिवाय, १५ मिली ग्लासात घ्या आणि फक्त धूर शोधा. शेवटी, गिळल्यानंतर, विझवलेल्या काडेपेटीच्या काडीसारखं काही येतं का? ते सापडलं की पुढच्या बाटलीवर पैसे घाला, आधी नको.

मग ऑर्कनी बेटांवरची हायलँड पार्क १२ किंवा आयलाची बोमोर १२ (नावापुढचा आकडा वयाचा, वर्षांत). हायलँड पार्कचा पीट हेदरचा, त्यामुळे धूर फुलासारखा, मधाळ. बोमोर ही आयलावरची जुनी डिस्टिलरी, १७७९ची. तिच्या धुरात लिंबू, मध आणि थोडं मीठ सापडतं. दोन्ही साधारण ४० टक्क्यांच्या, त्यामुळे अल्कोहोल नाकात टोचत नाही.

तिसऱ्या पायरीवर टॅलिस्कर १० (४५.८ टक्के) आणि कल ईला १२ (४३ टक्के). टॅलिस्कर स्काय बेटावरची, १८३० पासूनची. गिळल्यावर घशात काळ्या मिऱ्याची ठसठस उठते, ती तिची ओळख. झणझणीत खाणाऱ्याला टॅलिस्कर पटकन पटते.

मग आयलाचा दक्षिण किनारा: लफ्रॉइग, लागावूलिन, आर्डबेग. पोर्ट एलनपासून एकाच रस्त्यावर थोड्या थोड्या अंतरावर या तीन डिस्टिलरी लागतात. आर्डबेग आणि लफ्रॉइग १८१५च्या, लागावूलिन १८१६ची. यांत लागावूलिन १६ आधी घ्या, कारण तिचा गोडवा धुराला आधार देतो. मग आर्डबेग १०, जिच्यात धुराबरोबर लिंबाची साल आणि व्हॅनिला चांगला वर असतो. लफ्रॉइग १० शेवटी. तिचा टिंचर आयोडीनसारखा वास काहींना कधीच आवडत नाही, आणि त्यात काही बिघडत नाही. कास्क स्ट्रेंथ (पिंपातून पाणी न घालता भरलेल्या) बाटल्या आणि ऑक्टोमोर या यादीत मुद्दाम घेतलेल्या नाहीत. त्या पुढे कधीतरी.

पूर्ण बाटलीआधी ५० मिलीची मिनिएचर मिळाली तर ती घ्या, नाहीतर चौघांनी मिळून चार वेगळ्या बाटल्या घ्या. विमानतळावर ड्यूटी फ्री दुकानात बाटली निवडताना लेबलवरचा टक्का आणि वय वाचायला विसरू नका, कारण एकाच नावाच्या खास आवृत्त्या तिथे असतात आणि त्या नेहमीच्या बाटलीसारख्या लागतीलच असं नाही.

गोव्याची पॉल जॉन बोल्ड आणि बंगळुरूची अमृत फ्युजन (२००९ साली बाजारात आली) यांतही पीट आहे. अमृत फ्युजनमध्ये भारतीय जवाबरोबर स्कॉटलंडचा पीटेड जव वापरतात. या स्कॉच नव्हेत, पण तिसऱ्या पायरीवर शेजारी ठेवून पाहण्यासारख्या नक्कीच आहेत. आपल्या उष्ण हवेत पिंपातलं लाकूड लवकर उतरतं, त्यामुळे धुराभोवती गूळ, पिकलेलं केळं, मसाला असा जाड गोडवा येतो. स्कॉटलंडच्या थंडीत तो इतका लवकर येत नाही.

मांडणी

ग्लास तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता हवा. ग्लेनकेर्न सर्वांत सोयीचा, पण पायाचा छोटा वाइन ग्लासही चालतो. रुंद तोंडाच्या जाड टम्बलरमध्ये वास पसरून जातो आणि अल्कोहोल तेवढा आधी नाकात शिरतो. ग्लास भांड्यांच्या साबणाने धुतला असेल तर दोनदा गरम पाण्याने खळबळून उपडा न ठेवता सुलटा वाळवा. उपड्या ग्लासात कपाटाचा कोंदट वास अडकतो, आणि पहिल्याच हुंगण्यात तुम्ही तो व्हिस्कीच्या नावावर लावता.

खोलीत उदबत्ती, धूप, मच्छर कॉइल काही लावू नका. अत्तर नको. फोडणीच्या वेळी तर नकोच, कारण मोहरी-हिंगापुढे कुठलाही माल्ट टिकत नाही. तिखट जेवणानंतर किमान दीड तास जाऊ द्या. पोट मात्र रिकामं नको. दहीभात, पोळी, शिजवलेले बटाटे असं साधं खाऊन बसा.

१८ ते २२ अंश तापमान चांगलं. पुण्यात जानेवारीत हे आपोआप मिळतं, नागपुरात मे महिन्यात मिळणार नाही. खोली ३५ अंशांवर असेल तर अल्कोहोल झपाट्याने उडतो आणि नुसतं जळजळीत लागतं. अशा वेळी बर्फ घालण्याऐवजी रिकामा ग्लास दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा आणि मग ओता. बर्फाने व्हिस्की थंड होते तशी मुकी होते: फळांचे, मधाचे वास आधी दबतात आणि कडवट राख तेवढी मागे राहते. धूर नावडण्याचं हे एक मोठं कारण आहे.

हाताशी साधं, क्लोरिनचा वास नसलेलं पाणी ठेवा. त्यासोबत मेडिकलमधून आणलेली बिनसुईची ५ मिलीची सिरिंज. नळाच्या पाण्याला क्लोरिन जाणवत असेल तर ते रात्रभर उघडं ठेवून वापरा, पण उकळलेलं नको. ते सपक लागतं.

एका बैठकीत तीनपेक्षा जास्त माल्ट नकोत, प्रत्येकी २० मिली. म्हणजे एकूण ६० मिली, एक लार्ज पेग, आणि तोही दीड-दोन तासांत. क्रम कमी धुराकडून जास्त धुराकडे. उलटं केलंत तर लफ्रॉइगनंतर हायलँड पार्क साखरपाण्यासारखी लागेल. (महाराष्ट्रात पिण्याचा परवाना लागतो आणि व्हिस्कीसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. गाडी त्या रात्री दुसऱ्याने चालवायची.)

ग्लास हातात घेतल्यावर

ओतल्यावर पाच ते दहा मिनिटं तसंच राहू द्या. ओतल्या ओतल्या वर तरंगणारा तिखट अल्कोहोल तेवढ्यात निघून जातो.

नाक ग्लासात खुपसायचं नाही. ग्लास हनुवटीच्या खाली धरून हळूहळू वर आणा. वास सुरू होतो त्या उंचीवर थांबा आणि तोंड किंचित उघडं ठेवून हलकेच हुंगा. तोंड उघडं ठेवल्याने अल्कोहोलचा ठसका कमी लागतो. ग्लास तिरका केलात तर खालच्या काठाशी जड वास, वरच्या काठाशी हलके वास मिळतात. पीटेड व्हिस्कीत खालच्या काठाशी डांबर, ओली माती आणि वरच्या काठाशी लिंबू, नाशपाती असं कितीदा तरी सापडतं.

दोन-तीनदा हुंगल्यावर थांबा. नाक धुराला फार लवकर सरावतं, आणि मिनिटभरात ‘आता धूर कमी झाला’ असं वाटायला लागतं. कमी झालेला नसतो, नाक थकलेलं असतं. स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या, तुमच्या नाकाला तो सवयीचा असतो. मग पुन्हा ग्लास. आणि या थकण्याचाच फायदा घ्यायचा आहे: धूर मागे सरतो त्या क्षणी खालचं दिसू लागतं. तेव्हा स्वतःला विचारा, गोड काय आहे? मध, व्हॅनिला, खव्यासारखं दूध? आंबट काय? लिंबू, कैरी, हिरवं सफरचंद? खारं काय? सुकट, शिंपले, ओहोटीनंतरचा खडक? उत्तर मराठीत शोधा. ‘हेदर’ आणि ‘टॉफी’ लिहून घेतल्याने काहीच लक्षात राहत नाही, पण ‘राब भाजल्यावरची माती’ हे एकदा सुचलं की कायमचं राहतं.

मग घोट. चमचाभर, ३ ते ४ मिली. पहिला घोट निवाड्याचा नाही. तो फक्त तोंडाला अल्कोहोलची ओळख करून देतो. जिभेवर फिरवून गिळा आणि अर्धा मिनिट थांबा.

दुसरा घोट तोंडात दहा सेकंद धरा. आधी माल्टचा गोडवा येतो, मग तेलकट, खारट काहीतरी. गिळताना ओठ मिटलेले ठेवा आणि श्वास नाकातून बाहेर सोडा. पीटेड व्हिस्कीची खरी चव इथे उलगडते: ग्लासातून जो धूर दवाखान्यासारखा वाटला, तोच घशामागून नाकात येताना शेकलेल्या कणसासारखा गोड होतो. ज्यांनी नुसतं वरून हुंगून ‘नको’ म्हटलं, त्यांच्या वाट्याला हे आलेलंच नसतं.

गिळल्यानंतर घड्याळ पाहा. बोमोर मिनिटभर रेंगाळते. लागावूलिनची राख पाच मिनिटांनीही जिभेवर असते.

पाणी किती

थेंब थेंब घाला, पण अंदाजाने नको. हिशेब सोपा आहे: बाटलीवरच्या टक्क्याला हव्या असलेल्या टक्क्याने भागा, त्यातून १ वजा करा आणि ओतलेल्या मापाने गुणा. २० मिली आर्डबेग ४६ टक्क्यांवरून ४० वर आणायची तर ३ मिली पाणी. ३५ वर आणायची तर सुमारे ६ मिली. ४३ टक्क्यांची लागावूलिन ४० वर यायला दीड मिलीच पुरतं. म्हणून ‘थोडं पाणी’ म्हणत बाटलीतून ओतणारा माणूस एका झटक्यात २५ टक्क्यांवर पोचतो आणि मग ती पाणचट लागली म्हणून व्हिस्कीला नावं ठेवतो.

पाण्याने वास उघडतो यामागे कारण आहे. स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी २०१७ साली संगणकावर व्हिस्कीच्या रेणूंची हालचाल तपासली. अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असताना धुराचा वास देणारं ग्वायाकॉल पृष्ठभागाजवळ, म्हणजे नाकाजवळ राहतं. ५९ टक्क्यांच्या वर ते द्रवाच्या आत ओढलं जातं. म्हणून कास्क स्ट्रेंथच्या बाटलीत पाणी घातल्यावर धूर कमी होण्याऐवजी कधी कधी वाढल्यासारखा वाटतो. ज्यांना धूर जड जातो त्यांनी ४० ते ४३ टक्क्यांच्या बाटलीत एकेक मिलीने पुढे जात राहावं. लिंबू, मध वर येईल तिथे थांबायचं. पुठ्ठ्यासारखा वास यायला लागला म्हणजे पुढे गेलात.

४६ टक्के आणि त्यावरची, थंड गाळणी न केलेली (म्हणजे थंड करून तेलकट अंश गाळून न काढलेली) व्हिस्की पाण्याने किंचित गढूळ होते. ते तेल आहे, दोष नाही.

जमत नसेल तर

धूर आवडायला एकाच रात्री तीन घोट रेटण्यापेक्षा आठवड्यातून एकदा १५ मिली असं पाच-सहा आठवडे चाललेलं बरं. दरवेळी तीच बाटली घ्या. बाटली बदलत राहिलात तर नाकाला काय शिकायचं तेच कळत नाही.

सोबत खाणंही मदत करतं. आयलावर शिंपल्यांमध्ये चमचाभर बोमोर ओतून खातात, ही जोडी उगीच प्रसिद्ध नाही: मीठ धुराचा कडवटपणा कापतं. आपल्याकडे खारवलेले काजू, भाजलेला पापलेट (मसाला न लावता, फक्त मीठ-लिंबू), जुनं चेडार चीज किंवा ७० टक्क्यांचं डार्क चॉकलेट ठेवा. चकली आणि शेव बाजूला. तिखट आणि धूर दोन्ही एकाच ठिकाणी ओरडतात. सोडा घालायचाच असेल तर कल ईला किंवा टॅलिस्करमध्ये एकास तीन, भरपूर थंड, लिंबाच्या सालीची चकती टाकून. लागावूलिनला सोडा लावणं मात्र पैशांची नासाडी.

बाटली उभी ठेवा. आडवी ठेवली तर अल्कोहोल बूच खातो. ऊन लागू देऊ नका. तिसऱ्या हिश्शाच्या खाली आली की उरलेली व्हिस्की छोट्या, काठोकाठ भरेल अशा काचेच्या बाटलीत काढा, कारण आत हवा जास्त झाली की सगळ्यात आधी धूर बसतो आणि काही महिन्यांनी सपाट गोडवा उरतो. उलट नुकती उघडलेली लफ्रॉइग फार टोकदार वाटली तर तीच बाटली तीन आठवड्यांनी पुन्हा चाखा. कधी कधी तेवढी हवा पुरते.

आणि शेवटचा ग्लास रात्री धुऊ नका. ओट्यावर तसाच कोरडा ठेवा आणि सकाळी चहाच्या आधी हुंगा. अल्कोहोल उडून गेलेला असतो, लाकडाचा गोडवाही बराचसा गेलेला असतो. तळाशी उरतो तो नुसता पीट: थंड चुलीचा, ओल्या राखेचा, कुठे कुठे सुकटीचा. आदल्या रात्री ग्लासात जे नेमकं सापडत नव्हतं, ते इथे एकटं बसलेलं असतं. ते ओळखून ठेवा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा १५ मिली ओता.